कोबाल्ट साठ आणि लेकीचा भोवरा

माझ्या नवऱ्याचा मुलुंड पश्चिमेला, एल.बी.एस. रोडच्या आतल्या बाजूला लेथमशीनचा गाळा आहे. दोन मशीनं, एक ग्राइंडर आणि पहिल्यापासून त्याच्याबरोबर असलेला एक कारागीर. सासरे परळच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी मुलाला लेथ शिकायला घातलं, आणि तो त्यातच रमला. मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. घर मुलुंड पूर्वेला. तेव्हा घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि तिसरीतली आमची मुलगी, एवढीच माणसं.

त्या वर्षी त्याच्याकडे अंधेरीच्या एका व्यापाऱ्याचं काम आलं होतं. दारांना बसवायच्या स्टेनलेस स्टीलच्या गोल मुठी करायच्या होत्या. माल परदेशी जाणार होता. स्टीलचे रॉड व्यापारीच पाठवायचा. ते कापायचे, लेथवर फिरवून गोल करायचे, घासून चकचकीत करायचे. पावसाळा संपल्यापासून दिवाळीपर्यंत गाळ्यात दुसरं काही चालत नव्हतं. घरी यायचा तेव्हा त्याच्या शर्टाच्या बाह्यांवर, केसांत, बुटांच्या तळव्यांत तो धातूचा कीस चमकत असायचा. एकदा त्याच्या अंगठ्यात स्टीलची बारीक कपची गेली होती, ती मी सुईने काढली. ती टिपकागदावर ठेवून मुलीला दाखवली, आणि मग केरात टाकली.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी हट्ट करून गाळ्यावर गेली. परत आली ती मूठ घट्ट मिटून. बाबाने तिला एका उरलेल्या तुकड्यातून भोवरा करून दिला होता. दोरी गुंडाळून फेकायचा नाही, चिमटीत धरून गिरकी द्यायचा. लिंबापेक्षा लहान, पण चांगला जड, आणि आरशासारखा. आमच्या फरशीवर तो इतका वेळ फिरायचा, की बघताना वाटायचं हा थांबलेलाच आहे. सासूबाईंनीसुद्धा एकदोनदा फिरवून पाहिला. मुलीने तो खिशात घातला तो घातलाच. शाळेत न्यायची, जेवताना ताटाशेजारी ठेवायची, झोपताना उशीखाली सरकवायची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मोबाइलपेक्षा बरा, असंच वाटलं.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षा चालू होत्या आणि त्या दिवशी माझी दुसरी बॅच होती, म्हणून मी सकाळी घरी होते. बेल वाजली. दार उघडलं तर नवरा. तो या वेळी कधी घरी येत नाही. बूट त्याने जिन्याजवळच काढून ठेवले होते, आणि उंबऱ्याच्या बाहेर उभा होता. आत यायला तयार नव्हता.

मी म्हटलं, बरं वाटत नाही का? तो म्हणाला, "आधी ऐक. कोबाल्ट म्हणजे काय गं?"

मला प्रश्नच कळेना. मी म्हटलं, धातू आहे, लोखंड आणि निकेलच्या मधला. निळ्या काचेत असतो, कडक स्टीलमध्ये घालतात. तू मला हे विचारायला घरी आलास?

मग त्याने सांगितलं. अंधेरीच्या व्यापाऱ्याचा फोन आला होता. मुठींचा कंटेनर तिकडच्या बंदरात उतरला तेव्हा गेटवरच्या यंत्राने भोंगा दिला. माल अडवून ठेवलाय. त्या स्टीलमधून किरण बाहेर पडतायत म्हणे. व्यापारी घाबरलेला होता, त्याला सरकारी माणसांनी जे सांगितलं तेच तो फोनवर पुन्हा पुन्हा म्हणत होता. गाळ्याला कुलूप लावा, कुणाला आत सोडू नका, उद्या सकाळी अणुऊर्जा खात्याचे लोक येतील.

"कोबाल्ट साठ असं काहीतरी म्हणाला," नवरा म्हणाला. "साठ म्हणजे काय, टक्के?"

मी दाराची कडी धरून उभी राहिले.

दरवर्षी अकरावीच्या मुलांना मी अणुभार आणि आयसोटोप शिकवते. क्लोरिनचा अणुभार साडेपस्तीस का, तर निसर्गात पस्तीसवाले आणि सदतीसवाले असे दोन प्रकारचे क्लोरिनचे अणू मिसळलेले असतात, आणि आपण त्यांची सरासरी लिहितो. मग एखादा हुशार मुलगा विचारतो, सगळ्याच मूलद्रव्यांचं असं असतं का? मी सांगते, नाही, काही एकटीच असतात. त्यांत कोबाल्ट असतो. जमिनीतून काढलेला कोबाल्ट कुठूनही आणा, त्याचे सगळे अणू एकोणसाठचे. सत्तावीस प्रोटॉन, बत्तीस न्यूट्रॉन. तक्त्यात अठ्ठावन्न पूर्णांक त्र्याण्णव लिहिलेलं असतं, ते त्या एकाच प्रकारच्या अणूचं वजन, त्यात कुणाची भेसळ नाही. साठ निसर्गात सापडत नाही. तो अणुभट्टीत करावा लागतो. एकोणसाठात एक न्यूट्रॉन शिरला की साठ होतो. दिसायला तोच, आम्लात विरघळतो तसाच, वितळतो तसाच. पण तो स्वस्थ बसत नाही. एकेक अणू बदलत जातो, निकेल होतो, आणि बदलताना असे किरण सोडतो जे कातडीतून, हाडातून, भिंतीतूनसुद्धा जातात. कॅन्सरच्या गाठी जाळायला तो वापरतात. वापरून झालेलं असं एखादं यंत्र कुठेतरी भंगारात गेलं असणार, भंगार भट्टीत गेलं असणार, आणि त्या भट्टीतून हे रॉड.

हे सगळं माझ्या डोक्यातून किती पटकन गेलं ते सांगता येणार नाही. त्याला मी एवढंच म्हणाले की टक्के नाहीत, तो कोबाल्टचा एक प्रकार आहे, वाईट प्रकार. आणि मग मला भोवरा आठवला.

"भोवरा कुठल्या रॉडचा होता?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. तो हळूच खाली, जिन्याच्या पायरीवर बसला.

"त्यातलाच," तो म्हणाला.

सासूबाई आतून पदर सावरत आल्या. मुलगा बाहेर पायरीवर बसलेला, मी दारात. "काय झाला गो?" त्यांनी विचारलं. "पोरगी खंय आसा?" पोरगी शाळेत होती आणि भोवरा तिच्या खिशात होता. मी त्यांना म्हटलं, आई, चप्पल घाला, तुम्हाला तिला शाळेतून आणायचंय. मी पुढे जाते. नवऱ्याला मी त्यांना हात लावू दिला नाही, स्वतःही लावला नाही. आंघोळ कर, कपडे वेगळ्या पिशवीत बांध, एवढंच सांगून निघाले.

शाळा जवळच आहे. पण त्या दिवशी तो रस्ता मला आठवत नाही, फक्त डोक्यात चाललेली आकडेमोड आठवते. दिवाळीपासून आतापर्यंत. शाळेचे तास. झोपेचे तास. उशीखाली, म्हणजे डोक्यापासून किती अंतर. पिनाफोरचा खिसा कमरेच्या उजव्या बाजूला असतो. मुलीच्या शरीरात कमरेच्या उजव्या बाजूला काय काय असतं, ते मी आई म्हणून नको तितकं नीट जाणत होते. अंतर दुप्पट केलं की किरणांचा मारा एक चतुर्थांश होतो, हे मी फळ्यावर लिहून देते. अंतर शून्य केलं की काय होतं, ते मला कुणी कधी विचारलं नव्हतं.

वर्गशिक्षिकेला मी दाराबाहेर बोलावून खरं काय ते सांगितलं. थोडक्यातच सांगितलं. ऐकता ऐकता त्या एक पाऊल मागे सरकल्या. मला राग आला नाही. मी त्यांच्या जागी असते तर दोन पावलं सरकले असते. त्यांनी मुलीला बाहेर पाठवलं. मी तिच्याकडे भोवरा मागितला. तिला वाटलं शाळेत खेळणं आणलं म्हणून मी रागावले. तिने खिशातून काढून माझ्या हातावर ठेवला. तो कोमट होता. किरणांनीच तापलाय की काय असं वाटलं, मग लक्षात आलं, हा तिच्या अंगाचा कोमटपणा आहे.

"आज्जी येतेय न्यायला," मी म्हटलं. "तिच्याबरोबर घरी जा."

"आणि तू?"

"मला जरा काम आहे."

तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि हातात तो भोवरा होता, म्हणून मी तशीच वळले.

रस्त्यावर आल्यावर प्रश्न पडला की याचं करायचं काय. कचऱ्यात टाकता येत नाही, कुणी तरी उचलेल. नाल्यात टाकता येत नाही. घरी तर नाहीच. एकच जागा होती, कुलूप लावलेला गाळा, जिथे बाकीचे रॉड होते. रिक्षा केली असती तर रिक्षावाला दोन हातांवर बसला असता. त्याचा काय दोष? म्हणून मी चालत गेले. खांद्यावरच्या कापडी पिशवीत भोवरा टाकला, पिशवी बंदांना धरून हात बाजूला लांब केला, आणि पूर्वेकडून पश्चिमेला जायचा पूल चढले.

पुलावर गर्दी होती. भाजीची पिशवी घेतलेल्या बायका, कॉलेजची मुलं. माझा हात लांब केलेला पाहून लोक आपणहून बाजूला व्हायचे, त्यांना वाटत असेल पिशवीत मासळी आहे, पाणी गळतंय. एक बाई गरोदर होती. ती समोरून आली तेव्हा मी कठड्याला चिकटून उभी राहिले, पिशवी कठड्यापलीकडे धरली, आणि ती पुढे जाईपर्यंत हलले नाही. तिने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. माझा खांदा भरून आला होता. हात बदलावा तर पिशवी अंगासमोरून न्यावी लागली असती, तेही मी टाळलं. सगळ्यात भयंकर हे होतं की काहीच होत नव्हतं. ना वास, ना आवाज, ना चटका. ऊन छान पडलं होतं. एवढ्या माणसांत मला एकटीलाच माहीत होतं, आणि मलाही नक्की माहीत नव्हतं.

माझ्याकडच्या दुसऱ्या किल्लीने गाळ्याचं कुलूप काढून, शटर वर करून मी पिशवी तशीच्या तशी मागच्या कोपऱ्यात रॉडांच्या शेजारी ठेवली, शटर ओढलं, कुलूप लावलं. बाहेर येऊन नळावर कोपरापर्यंत हात धुतले. किरण धुऊन जात नाहीत हे मी जाणत होते, तरी धूत राहिले.

घरी आले तेव्हा नवरा आंघोळ करून गॅलरीत बसला होता, सगळ्यांपासून लांब. सासूबाईंनी मुलीची दृष्ट काढली होती. मीठमोहरीचा वास घरभर होता. इतर वेळी मी काहीतरी बोलले असते. त्या दिवशी वाटलं, काढू देत. मुलीला जवळ घेऊन मी तिचे दोन्ही तळवे उजेडात धरून पाहिले, बोटांची पेरं पाहिली, कमरेवरची कातडी पाहिली. लाली नव्हती, फोड नव्हता. याने माझं समाधान व्हायला हवं होतं, पण मला माहीत होतं की किरणांची काही दुखणी कातडीवर दिसत नाहीत, आणि यायला वर्षानुवर्षं लागतात.

संध्याकाळी नवरा मला म्हणाला, "मी दिला तिला. हौसेने बसून पॉलिश केला." त्याच्या अंगठ्यातली कपची मला तेव्हा आठवली. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. तो सरकायला लागला तेव्हा मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, तुला कुठे ठाऊक होतं. कारागिराला त्याने फोन केला होता. त्याच्या घरी दोन लहान मुलं होती आणि त्याच्या बायकोने रडून आकांत मांडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं जण आले. एक तरुण अधिकारी आणि एक चाळिशीच्या बाई. बाई ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रातून आल्या होत्या, मराठी होत्या, आणि त्यांच्या हातात दुधाच्या किटलीएवढं यंत्र होतं. आधी गाळ्यात गेलो. आम्हाला बाहेर थांबवलं. शटर अर्धं वर गेलं आणि यंत्राची टकटक ऐकू आली. आधी संथ, टिपटिप पाणी पडावं तशी. मग ते आत सरकले तशी ती एकमेकींत मिसळली आणि नुसता चरचराट झाला. नवऱ्याने डोळे मिटून घेतले. त्याचा कारागीर माझ्या बाजूला उभा होता, तो हळूच म्हणाला, वहिनी, एवढे दिवस हे आवाज करत होतं आणि आपल्याला ऐकूच येत नव्हतं.

भोवरा बाईंनी लांब चिमट्याने पिशवीतून काढून वेगळा मोजला. त्यानेही टकटक केली. रॉडांच्या ढिगापेक्षा कमी, पण केली. मनात कुठेतरी मी आशा धरून होते की निदान हा तुकडा स्वच्छ निघेल.

बाईंनी मला बाजूला घेतलं आणि खूप प्रश्न विचारले. मुलगी रोज किती वेळ हातात धरायची, कुठल्या खिशात, उशी किती जाड, तोंडात घातला होता का. मी एकेक उत्तर देत गेले. त्यांनी गणित केलं, पुन्हा एकदा केलं. शेवटी मला राहवलं नाही.

"आता तिच्या अंगात आहे का ते?"

"नाही," त्या म्हणाल्या. "दिवा बाहेर नेला की खोलीत उजेड उरतो का? तसंच. भोवरा गेला, किरण गेले. जेवढा वेळ जवळ होता, तेवढंच."

"आणि तेवढं म्हणजे किती?"

काही एक्स-रे काढले तर जेवढं होईल त्याच्या आसपास, असं त्या म्हणाल्या. स्टीलमध्ये कोबाल्ट पातळ झाला होता, म्हणून. हेच जर भंगारात गेलेल्या मूळ यंत्रातलं असतं तर मी तुमच्याशी अशी बोलत उभी नसते, असंही म्हणाल्या. वर्गातल्या मुलांनी घटकाभर हातात घेतला असेल तर काळजीचं कारण नाही. पण मुलीचं, नवऱ्याचं आणि कारागिराचं रक्त तपासायचं. पेशींमधली गुणसूत्रं तुटली आहेत का ते त्यात कळतं.

मग त्यांनी आमचं आणि कारागिराचं अशी दोन्ही घरं तपासली, आमचं आधी. मुलीच्या गादीवर, उशीवर, दप्तरावर यंत्र फिरलं, टिपटिप संथच राहिली. मी भिंतीला टेकून उभी होते. स्वयंपाकघर झालं, न्हाणीघर झालं. शेवटी जिन्याजवळ, जिथे नवऱ्याचे बूट पडले होते, तिथे यंत्र एकदम जोरात बोलायला लागलं. बुटांच्या तळव्यांत कीस रुतला होता. दारातल्या पायपुसण्यातही होता. याच पायपुसण्यावर बसून मुलगी रोज शाळेचे मोजे घालायची. बाईंनी बूट, पायपुसणं आणि कपड्यांची पिशवी जाड डब्यात बंद करून नेली. सासूबाईंनी विचारलं, पुसून घेतलं तर चालेल ना? त्या म्हणाल्या, आजी, आता पुसा खुशाल.

रक्ताचा निकाल यायला बरेच आठवडे लागले, आणि ते आठवडे मी कसे काढले ते मलाच माहीत. मुलीला साधी सर्दी झाली तरी मी तिच्या गळ्याच्या गाठी चाचपून बघायचे. तिचे केस विंचरताना फणीत अडकलेले केस डोळ्यांनी मोजायचे. तिला कळायचं, ती डोकं मागे ओढून घ्यायची. भोवरा नेला म्हणून ती माझ्याशी आठवडाभर धड बोलली नव्हती. तिचा बाप जमिनीवर वेगळं अंथरूण घालून झोपायचा. मी सांगून पाहिलं की तुझ्या अंगातून काही येत नाही. त्याला ते पटायचं, आणि तरी तो तिथेच झोपायचा. कॉलेजात शिकवताना मी तक्त्याच्या त्या ओळीवर बोट ठेवायचं टाळायचे.

मुलीचा निकाल चांगला आला. तिच्या पेशींत इतरांपेक्षा वेगळं काही दिसलं नाही. कारागिराचंही तसंच. नवऱ्याच्या रक्तात किंचित खूण होती. त्याने सगळ्यात जास्त रॉड हाताळले होते आणि ग्राइंडरवर तोच बसायचा. डॉक्टर म्हणाले, चिंता करण्यासारखी नाही, वर्षातून एकदा दाखवत जा. आम्ही तिघं बाहेर आलो आणि दवाखान्यासमोर उसाचा रस प्यायलो. नवऱ्याचा ग्लास हातात थरथरत होता. मुलीने त्याला विचारलं, बाबा, तुला थंडी वाजतेय का?

गाळा पुढे साफ करून मिळाला. ग्राइंडरचा बेल्ट, फरशीवरची माती, सगळं उचलून नेलं. त्याने तिथेच पुन्हा काम सुरू केलं. आता त्याच्याकडे स्वतःचं लहान मीटर आहे. रॉड आले की आधी टेम्पोतच तपासतो, मग उतरवतो. इतर गाळेवाले सुरुवातीला हसायचे. आता त्यांतले दोघंतिघं मीटर मागून नेतात.

मुलगी यंदा नववीत गेली. कोबाल्ट साठचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं. तेवढ्यात निम्मे अणू निकेल होऊन शांत होतात. माझी भीती तेवढी निम्मी झाली आहे का, ते मला सांगता येत नाही. नवऱ्याच्या तपासणीचा दिवस जवळ आला की मला झोप लागत नाही.

मागच्या महिन्यात मुलीला शाळेत समस्थानिकांचा, म्हणजे आयसोटोपचा धडा होता. ती स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकली, आणि पुस्तक मिटून म्हणाली, "आई, ते तेव्हाचं आपल्याकडचं. मला सगळं सांग."

मी गॅस बंद केला आणि सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. शेवटी तिने विचारलं, "मग मला पुढे काही होईल?"

"बहुतेक नाही," मी म्हटलं.

"बहुतेक."

"हो. नक्की नाही असं मला म्हणता येत नाही. कुणालाच येत नाही. पण जे झालं ते फार थोडं होतं, आणि तपासून घेतलंय."

ती जरा वेळ ओट्यावर बोटाने रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, मी हे विचारलं ते बाबाला सांगू नको. आणि आत गेली. थोड्या वेळाने नवरा गाळ्यावरून आला तेव्हा ती उठून त्याच्याजवळ जाऊन बसली. नेहमीपेक्षा जवळ. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि तो सरकला नाही.